उजव्या मांडीवरचा खिसा

आमचा कॅम्प निजामाच्या सरहद्दीबाहेर, बार्शीच्या बाजूला होता. निजामाच्या हद्दीतल्या मुरुडहून पहाटे निघालं की दुपारपर्यंत पोचता येई. आत जायचं, सरकारी नाका उठवायचा, बाहेर यायचं, एवढंच आमचं काम. हजेरीपटात एकोणतीस नावं होती. शेवटचं माझं. मी भाकरी भाजत असे, पण नाव पटावर होतं म्हणून साडेपाचच्या फॉल-इनला उभी राहत असे. माझं "हजर" ऐकू जायचं नाही. हवालदारसाहेब दुसऱ्यांदा विचारायचे.

हवालदारसाहेब इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढून आले होते. आमचे हे एका सेक्शनचे प्रमुख होते, ह्यांना धरून आठ माणसांच्या. त्या आठात गुंडाप्पा होता. निलंग्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं काडी. बोलण्यात अर्धं कानडी यायचं. मला अक्का म्हणायचा.

पोरं धोतरावरच जात. बाभळीच्या काट्यांत धोतर अडकलं की माणूस तिथंच अडकतो. असं दोनदा झाल्यावर हवालदारसाहेबांनी सोलापूरहून फौजेच्या लिलावातल्या खाकी पाटलोणी आणवल्या आणि फर्मान काढलं, "उद्यापासून धोतर बंद."

पाटलोणी गोऱ्यांच्या मापाच्या. गुंडाप्पा दोन्ही हातांनी कंबर धरून बाहेर आला.

"अक्का, हिच्यात अजून एक माणूस मावतंय. धाडा कुणाला तर."

"बैल धाडू का?" हे म्हणाले.

"धाडा. दोघं मिळून नाका उचलून आणतो."

हवालदारसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, शिवण येतं?"

"येतं."

"काय म्हणालात?"

"येतं."

मी तोवर चोळ्या आणि परकर शिवले होते. पाटलोण हातात धरली नव्हती. मशीन नव्हती. एक पाटलोण उलटी करून मांडीवर पसरली आणि शिवण कुठून कुठं जाते ते बोटानं बघितलं. मग मागची मधली शिवण कमरेपासून खाली उसवली, दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घेतली आणि दुहेरी दोऱ्यानं उलटी टीप घातली. पायांच्या आतल्या शिवणीही तशाच घेतल्या. लांबी कापली. कमरेची बटणं पोरांना जमेनात, म्हणून कापलेल्या तुकड्यांचा नेफा केला आणि नाडी ओवली. एका पाटलोणीला दीड दिवस लागे.

उजव्या मांडीवर, पुढच्या बाजूला, एक लहानसा खिसा होता. हात आत जाईना. शिवण आत घेतली की तो जांघेकडे सरके आणि तिरपा दिसे. मला वाटलं, साहेब लोकांची काहीतरी शोभा असेल. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. सगळ्यांत बारीक पाच जणांच्या पाटलोणींचे खिसे मी काढून टाकले. मग त्या फार नीट बसल्या. गुंडाप्पा घालून मैदानाला पळत चक्कर मारून आला.

"अक्का, पायात काही हाय असं वाटतच न्हाई."

दोन दिवसांनी हवालदारसाहेबांनी पोरांना लेक्चर दिलं. मी चुलीपाशी होते. बायकांना लेक्चरला बोलवत नसत. प्रत्येकाला जखमेवर बांधायच्या पट्टीची एक बंद पुडी मिळाली. पुडी उजव्या मांडीवरच्या खिशातच ठेवायची. गोळी लागली तर ज्याची पुडी त्यालाच वापरायची, दुसऱ्यानं आपली काढायची नाही. शोधाशोध नको म्हणून सगळ्यांची एकाच जागी. हे मला नंतर कळलं. ज्या पाच जणांना खिसा नव्हता त्यांतला एकही बोलला नाही. सदरे गुडघ्यापर्यंत होते, त्यामुळे साहेबांनाही दिसलं नाही. पोरं गप्प का बसली? मला बोलणी बसतील म्हणून, की त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही म्हणून? मी अजून ठरवू शकले नाही.

त्या दिवशी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जायचं होतं. नाक्यावरचे शिपाई दुपारी जेवायला बसत, तीच वेळ धरली होती. सेक्शन सकाळी सात वाजता निघाला. हवालदारसाहेब म्हणाले, "रायफली घ्यायच्या. बोलायचं नाही. थांबायचं नाही. चारला रिपोर्ट."

चार वाजले. कुणी आलं नाही. सव्वापाचला सातजण आले. गुंडाप्पाला घोंगडीत घातलं होतं. त्याचा जीव अर्ध्या तासापूर्वी ओढ्यापाशी गेला होता. गोळी डाव्या मांडीत, वर लागली होती.

हवालदारसाहेबांनी विचारलं, "ड्रेसिंग?"

"मांडी चाचपली," हे म्हणाले. "खिसाच न्हाई. दुसरी मांडी बघितली. तिथं बी न्हाई."

"मग?"

"पटका बांधला. थांबंना."

"तुमची पुडी?"

"ऑर्डर होती, आपली काढायची न्हाई," हे म्हणाले. "मग फोडली. पण तवर लई गेलं होतं."

अंघोळ घालायला घेतलं तेव्हा नाडीची गाठ सुटेना. रक्तानं घट्ट झाली होती. नाडी मी ओवलेली म्हणून मला हाक मारली. मी सुईनं गाठ सोडवत होते तेव्हा नेफ्याच्या आत, डाव्या बाजूला, बोटाला काहीतरी टणक लागलं. पुडी होती. न फोडलेली. धोतराच्या कनवटीला तंबाखू खोचावी तशी त्यानं ती खोचली होती. आमच्याकडचे सगळेच पुरुष जपायची वस्तू तिथं खोचतात. ह्यांनीही जन्मभर तेच केलं होतं. पण त्या दिवशी हे पाटलोणीत खिसा शोधत राहिले.

"ही इथं कशी?" हवालदारसाहेब म्हणाले.

"खिसा मी काढला."

"काय म्हणालात?"

"खिसा मी काढला. नीट बसत नव्हता."

ते पुडी घेऊन बाहेर गेले. रात्री चुलीपाशी येऊन म्हणाले, "बाई, मोठी नस तुटली होती. पुडीनं थांबलं नसतं." मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी लेक्चरमध्ये त्यांनीच पोरांना सांगितलं, पुडी जागेवर असली की माणूस वाचतो. तेही मला ऐकू आलं. दोन्हींतलं खरं कोणतं, हे मी त्यांना विचारलं नाही. ह्यांनाही विचारलं नाही. ह्यांनी आपली पुडी आधी का फोडली नाही, हे मी विचारलं असतं, आणि मग ह्यांनी खिशाचं विचारलं असतं.

उरलेल्या चार पाटलोणींवर मी खिसे परत शिवले. तिरपे बसले. तसेच राहू दिले.

पंधरा दिवसांनी गुंडाप्पाची आई आली, दिरासोबत, चालत. त्याला पुरलं होतं तिथं मातीपाशी बसून उठली. मग आमच्या झोपडीत आली आणि माझा हात धरला.

"तूच काय ती अक्का? निरोप धाडला होता त्यानं. म्हणाला, अक्कानं पाटलोण अशी करून दिली, लई पळता येतंय." मग ह्यांच्याकडे बघून तिनं विचारलं, "पळाला का हो माझा?"

"सगळ्यांच्या पुढं होता," हे म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते ऐकून बरं वाटलं, हे मला दिसत होतं. पुढं होता म्हणून गोळी त्याला लागली, हेही मला त्याच वेळी कळलं. मी खिशाचं सांगणार होते. शब्द जुळवले होते. पण तिचा हात माझ्या हातात होता आणि ती विचारत होती, त्याला इथं पोटभर मिळायचं का.

"हो," मी म्हणाले. "चार भाकरी खायचा."

"घरी दोन खायचा," ती म्हणाली.