माणूस गिळणारा शार्क आणि जस्टिनचा गळा

राहुरीच्या जस्टिन साळवेला देवानं गळा दिला होता आणि चर्चमधल्या भजनांनी तो तयार केला होता. अशा गळ्याचं माणसानं करावं काय? तर जत्रांतून फिरणाऱ्या राधाकृष्णशेटच्या तंबूबाहेर माईक धरून लोकांना घाबरवावं! आत पत्र्याच्या टाकीत, डोळ्यांना झोंबणाऱ्या औषधात एक मेलेला शार्क बुडवून ठेवलेला. "या, या! समुद्रातला राक्षस! एका घासात माणूस गडप!" ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही ती माणसं तिकीट काढून आत जायची आणि पोरांना कडेवर गच्च धरून बाहेर यायची. आपण खोटं बोलतो असं जस्टिनच्या मनातही कधी आलं नव्हतं. राक्षस म्हणजे राक्षस, त्यात विचारायचं काय?

पंच्याण्णव साली तो जुना शार्क कुजायला लागला. शेटनं जस्टिनला टेम्पो देऊन कोकणातल्या बंदरावर धाडलं. "पोट मोठं असलेला बघ. लोकांना वाटलं पायजे, आत माणूस हाय."

जस्टिननं तसाच निवडला. बंदरावरच्या कोळणीनं साफ करायला पोट चिरलं, तर आतून निघाली पिल्लं. वीतभर लांब, वळवळणारी. जस्टिननं ती ओंजळीनं उचलून पाण्यात सोडली. दोन-चार हलली, बाकीची उलटी होऊन तरंगली.

"मावशी, ही मासळी माणसं खाती ना?" त्यानं चाचरत विचारलं.

कोळीण हसली. "माझ्या घोवाचा सगळा जन्म दर्यात गेला. त्याला कधी चावली नाय. आमीच ह्या मुशीला खातो, बाळंतिणीला घालतो. आता व्यापारी तर नुसते पोहायचे पर कापून नेतात. मोठी मुशी दिसत नाय हल्ली. पोटातलीच मारली, तर वाढंल कोण?"

घाट चढताना जस्टिन सारखा मागं वळून टेम्पोत बघत होता. घरी आल्यावर त्याला चैन पडेना. उठावं, बसावं, पुन्हा उठावं.

"झालंय तरी काय तुमाला?" त्याची बायको आराधना वैतागली. "माशासाठी कुणी एवढं जिवाला लावून घेतं व्हय?"

खरं बोलावं तर पोटावर पाय येतो, खोटं बोलावं तर जीभ उचलत नाही. बिचारा पुरता कात्रीत सापडला होता.

तंबू लागला घोडेगावच्या बाजारात. गाई-म्हशी पारखणाऱ्यांची सगळी गर्दी. जस्टिननं माईक धरला. "या, या, माणसं गिळ..." शेट आतून डोळे वटारत होता.

"न्हाई गिळत," जस्टिन एकदम म्हणाला. "कुनाला खाल्लं न्हाई हिनं. गाभण हुती. मीच घेतली. आपन भ्यायचं आन् ह्यांनी मरायचं, असं चाललंय."

गाभण जनावर कसायाला देणाऱ्याला त्या बाजारात कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. म्हैस विकायला आलेल्या गोजरबाईनं तंबूत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पाप केलंस की रं लेकरा." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं जस्टिनला झालं.

पण बातमी बाजारभर पसरली. हळहळत, हात जोडत माणसं आली आणि तंबूपुढं रांग लागली. शेट धावत बाहेर आला. आता थोबाडीत बसणार, म्हणून जस्टिननं अंग चोरलं. शेटनं पाठीवर थाप मारली.

"भ्यापरीस कीव जास्त खपती गड्या! फुडच्या जत्रेला आनखी एक आन. गाभणच बघ. आन् पिल्लं सोडू नको, बरणीत घाल."

जस्टिनच्या अंगाची लाही लाही झाली. माईक शेटच्या हातात देऊन तो चालू लागला. थोडा गेला, घुटमळला आणि रागारागानं माघारी फिरला. तसा त्याला माईक कधी लागतच नव्हता.

"तिकीट काढू नका!" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा तो ओरडला. "तुमी तिकीट काढलं, की शेट दुसरी गाभण मारून आननार हाय!"

गोजरबाईनं रांगेतल्या आपल्या नवऱ्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढलं. मग त्याच्या मागचा खाली बघत निघाला, मग त्याच्या मागचा.