पहिल्या शनिवारची माफी

एस्तेर आणि निखिल,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "माफीवाली आजी कशी आहे?" मी "बरी आहे" म्हणाले आणि लगेच तुमच्या परीक्षांकडे वळले. तुमची आई मागे उभी राहून गालात हसली, ते मला दिसलं. म्हणून आज नीट बसून उत्तर लिहिते आहे. उशीर केला तर तुम्ही तिला विसरून जाल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुमची आई तिची गोष्ट सांगेल आणि तिला संत करून टाकेल. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण तिचं बोलणं इंग्रजीत घातलं की ती फार चांगली बाई वाटायला लागते. तेवढी चांगली ती नाही. तेव्हा मराठीतच वाचा, अडलं तर आईला विचारा.

जगात माफी मागणारी माणसं थोडी, माफ करणारी त्याहून थोडी; पण कुणी मागितलेली नसताना घरोघर जाऊन माफी वाटत फिरणारी बाई परमेश्वराने एकच घडवली आणि ती नेमकी बीडला, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत आणून ठेवली. दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली, त्यामुळे अख्खं गाव तिला सिस्टर म्हणतं. लग्न केलेलं नाही. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा, आणि हातात बारा महिने एक निळी छत्री. बीडमध्ये पाऊस किती पडतो ते तुम्हाला माहीत आहे. ती छत्री पावसासाठी नव्हतीच. बोलताना समोरच्याच्या छातीवर रोखायला होती.

आपल्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे मेजाजवळ जातात, ते तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्याने आधी ते मिटवावं आणि मग मेजाजवळ यावं, अशी जुनी शिस्त. बाकीची मंडळी ही शिस्त सोयीने पाळतात. शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचं, आणि सोमवारी भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू करायचं. सिस्टरला हे मान्य नव्हतं. ती पहिल्या शनिवारी दुपारी डोक्यावर पदर, काखेत छत्री अशी निघायची आणि महिनाभरात ज्याने ज्याने तिचा अपराध केला असेल त्याला गाठायची. अपराध केल्याचं त्या माणसाला ठाऊक असण्याची काही गरज नव्हती.

माझा नंबर पहिला. चार वाजले की फाटक वाजायचं आणि आरोळी यायची, "बाई, हाव का घरात? आले हो माफ करायला!" तीही अशी, की समोरच्या बिऱ्हाडाला वाटावं मी आदल्या रात्री हिचा गळा दाबला.

"आता मी काय केलं, सिस्टर?"

"मागल्या रविवारी मी तुमाला सलाम केला. तुमी पर्समधी बघत होतात."

"मी चष्मा शोधत होते."

"असंल. माफ केलं."

"पण मी चूक कबूलच केलेली नाही."

"कबूल करा असं कोण म्हणतंय? तुमी आपला चहा टाका."

आणि मी चहा टाकायची. आपल्याला माफ करणाऱ्या माणसाला चहासुद्धा आपणच पाजायचा, हा न्याय मला कुठल्याही शास्त्रात सापडलेला नाही. नाताळच्या फराळाचं तिचं ताट मी रिकामं परत पाठवलं, म्हणून माफी. करंज्या घालून पाठवलं तर करंज्या मऊ पडल्या होत्या, म्हणून माफी. निखिल, तू लहान असताना तिची छत्री तलवार म्हणून चालवलीस आणि तिची एक काडी मोडलीस, ती माफी तर तिने तुला दोनदा दिली. पहिल्या वेळी तू चॉकलेट खात होतास आणि तुझं लक्ष नव्हतं, असं तिचं म्हणणं पडलं.

हा जाच फक्त ख्रिस्ती माणसांनाच होता असं समजू नका. स्टँडजवळ रफिकभाईंचा फळांचा गाडा आहे. त्यांनी दिलेलं एक सीताफळ तांदळाच्या डब्यात ठेवूनसुद्धा पिकलं नाही, तेव्हा सिस्टरने माझ्या देखत, भर गर्दीत गाड्यासमोर छत्री रोवली. "रफिकभाई, माफ केलं तुमाला." रफिकभाई घाबरले. "सिस्टर, सीताफळ न्हाई पिकलं तर सीताफळाला माफ करा. मला कावून?" ती म्हणाली, "सीताफळाला काय कळतंय?" रफिकभाईंनी निमूटपणे दोन पिकलेली सीताफळं तिच्या पिशवीत टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यांना सांगा, भांडत जा. भांडण परवडतं आमाला. माफी लई महाग पडती." एकदा तर ती युसूफ वडगावच्या बाजाराला गेली होती, तिथे चादर विकणाऱ्या माणसाला माफ करायला. चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता. तो माणूस त्या बाजारी आलाच नाही, तर शेजारच्या भांडीवाल्याजवळ माफी ठेवून आली. "आला की देतो म्हणला," असं मला अगदी समाधानाने सांगत होती.

पाळकसाहेब बिचारे तरुण. लांबलेल्या उपदेशाबद्दल तिने त्यांना चर्चच्या दारातच, हात हातात धरून, सगळ्यांच्या देखत माफ केलं होतं. तेव्हापासून पहिल्या शनिवारी त्यांना न चुकता तलवाड्याच्या मंडळीची आठवण येऊ लागली. दुपारीच मोटारसायकल काढायचे. तलवाड्याच्या विश्वासणाऱ्यांची त्या काळात जी आत्मिक वाढ झाली, तिचं श्रेय सिस्टरला आहे.

तिच्या पराक्रमांतला मोठा पराक्रम म्हणजे पुढाऱ्याचा. आपल्या कबरस्थानाला भिंत बांधून देतो, असा शब्द एका पुढाऱ्याने निवडणुकीत दिला होता. निवडणूक झाली, शब्द राहिला. आमच्या पंचांनी अर्ज केले. सिस्टर मात्र थेट त्याच्या बैठकीत गेली. पाचपन्नास कार्यकर्ते बसलेले. "साहेब, तुमी भिंत बांधली न्हाई. मी तुमाला माफ केलं."

"आवो मावशी, बांधणार हाय की मी!"

"नका बांधू आता. माफ झालंय."

सगळी बैठक त्याच्याकडे बघायला लागली. आठवड्याच्या आत विटा येऊन पडल्या. एक बाजू बांधून झाली आणि मग त्याला बहुधा वाटलं असावं, की एवढ्याने निम्मी अब्रू भरून निघाली. काम तिथेच थांबलं. आता कबरस्थानात गुरं तीन बाजूंनी येतात.

अशा बाईला मंडळीत काय मान असेल, असं तुम्हाला वाटेल. होता, पुष्कळ होता, आणि तो मला अजिबात पटत नव्हता. प्रभुभोजनाच्या आधीचं गीत सुरू झालं की सिस्टर हळूच उठून बाहेर जायची आणि पायरीखाली पडलेल्या सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने रांगेत लावत बसायची. एरवी स्वतःच्या घरात सांडशी जिला सापडत नाही, तिला महिन्यातून एकदा बरोबर याच वेळी शिस्त सुचावी! पाळकसाहेबांनी तिच्या नम्रतेवर एक अख्खा उपदेश केला. बायका डोळे पुसत होत्या. मी तिसऱ्या बाकावर बसते, मला दार दिसतं; मी मनात म्हणायची, नम्रता एवढी वेळेवर येत नसते. हे नाटक आहे.

मग सिस्टरच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या पहिल्या शनिवारी ती चारला आलीच नाही. सकाळी आठला आली आणि माफबिफ काही न करता म्हणाली, "बाई, चला. कड्याला जायचं हाय. नगरच्या एसटीनं."

"कड्याला माझं काय काम?"

"तुमचं इंग्रजी चांगलं हाय."

"कड्याला इंग्रजी कशाला लागतं?"

"लागत न्हाई. पण तुमी संगं असलात म्हंजे मला पळून येता येणार न्हाई."

एसटीत खिडकीशी बसून तिने जे सांगितलं ते असं. कड्याला तिची एक मैत्रीण राहते. नर्सिंगला दोघी एका खोलीत होत्या. लग्न करायचं नाही, नोकरी करायची, म्हातारपणी दोघींनी मिळून एक घर बांधायचं आणि अंगणात लिंबू लावायचं, असं दोघींनी प्रार्थना करून ठरवलं होतं. मग एक दिवस टपालाने मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न आदल्या दिवशीच झालेलं होतं. नवरा कड्याच्या साखर कारखान्यात. त्यानंतर सिस्टर तिच्याशी बोललेली नव्हती.

"मग तिला माफ का नाही केलंत? गावाला करता."

"काय म्हणून करू? 'लग्न केलंस, माफ केलं' असं कुणाला म्हणता येतंय का? लगीन काय गुन्हा हाय?" ती खिडकीबाहेर बघत होती. "गावावर नुसता हात बसवते, बाई. हिची वेळ आली की तोंड उघडत न्हाई. आन् हिला माफ केल्याबिगर मेजाजवळ जाता येत न्हाई. म्हणून चपला लावते. आता ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी एकदा त्या मेजाजवळ जायचं हाय."

माझ्या तिकिटाची मी दोनदा घडी घातली.

मैत्रिणीने दार उघडलं आणि नुसतं "ये" म्हणाली. पांढरी वेणी, दोरीला बांधलेला चष्मा. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. कारखान्याच्या मळीचा वास घरभर होता. पुढाऱ्याला पन्नास माणसांत माफ करणारी आमची वाघीण मांडीवर छत्री आडवी धरून खुर्चीच्या काठावर बसली आणि ऊन, बीपी, एसटीची गर्दी यांवर बोलत राहिली. मी घड्याळ बघत होते. शेवटी मैत्रीणच म्हणाली, "अख्ख्या बीडला माफ करत फिरतीस म्हणं. एसटीतली माणसं सांगत्यात. माझा नंबर कवा लागतो म्हणून वाट बघत हाय मी."

सिस्टरने छत्रीचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"पर एक सांगते. मी माफी मागणार न्हाई. माझा संसार चांगला झाला. नवरा देवमाणूस होता."

"मागू नको," सिस्टर छत्रीला म्हणाली. "मागितलीस तर मला द्यावी लागंल."

"मग कावून आलीस गं?"

"पत्रिका लग्न झाल्यावर आली," सिस्टर म्हणाली.

मैत्रिणीने चष्मा काढला. "ठावं हाय. मीच उशिरा टाकली. तू आली असतीस, तर तुझं तोंड बघून माझा पाय मांडवात पडला नसता."

मग सिस्टर आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "पत्रिकेचं माफ केलं. लग्नाचं न्हाई. लग्नाचं बघू."

"बघ. चहा टाकू का?"

"टाक. साखर कमी. तुझा हात जड हाय."

परतीच्या एसटीत तिने मला हळूच विचारलं, "बाई, निम्मी माफी चालती का हो मेजाला?"

"मी इंग्रजीची शिक्षिका आहे, सिस्टर. पाळक नाही."

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या आधीचं गीत सुरू झालं आणि ती नेहमीप्रमाणे उठून बाहेर गेली. एसटीचं भाडं वाया गेलं, असं मी मनात म्हणाले. गीताचं शेवटचं कडवं चालू असताना ती दारात दिसली. मधल्या वाटेने छत्री टेकत टेकत, सगळ्यांच्या शेवटी, पुढे गेली. गुडघे टेकताना ती असं कण्हली की पाळकसाहेब थबकले. उभं राहताना तिला दोघींनी धरावं लागलं. त्यातली एक मी होते, कारण मी जवळ होते. उपासना संपवून बाहेर आलो तर पायरीखाली चपलांचा हा ढीग. माझी डावी चप्पल मिळेपर्यंत निम्मी मंडळी घरी गेली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. मैत्रीण कड्याहून दवाखान्यात आली, पाय मोकळे होईपर्यंत म्हणून तिला घेऊन गेली, आणि सिस्टर तिथेच राहिली. मागच्या हिवाळ्यात मी जाऊन आले. दोघी दिवसभर साखरेवरून भांडतात. अंगणात लिंबू लावलं आहे. ते कुणी चुकीच्या जागी लावलं यावर अजून वाद आहे. लग्नाच्या माफीचं काय झालं, असं मी विचारलं. "घाई काय हाय?" सिस्टर म्हणाली.

तेव्हा मुलांनो, माफीवाली आजी बरी आहे. इथे नाही, एवढंच. पहिल्या शनिवारी चारला मी फाटकाची कडी काढून ठेवते, ती सवयीने. त्यात दुसरं काही बघू नका. नाताळचं ताट यंदा मी तिला मुद्दाम आठवडाभर उशिरा पाठवलं. तिकडे तिला माफ करायला एकच माणूस आहे, आणि त्याचंही निम्मं काम झालेलं आहे.

रफिकभाई अजून विचारतात. कबरस्थानाची ती एक भिंत उभी आहे. आणि पहिल्या शनिवारी चार वाजता कड्याहून फोन येतो.