ब्रेक डाव्या पायाला

कट्ट्यावरच्या मंडळींनो, एक विचारायचंय, पण आधी काय झालं ते ऐका.

नऊ वर्षं पोत्याखाली पडून असलेली आमच्या ह्यांची जुनी बुलेट आज सकाळी सुरू झाली. ह्यांचे मित्र बाबूभावजी महिनाभर तिच्यामागं लागले होते. गल्लीत तो आवाज घुमला आणि मी सवयीनं चहाचं आधण ठेवायला उठले. मग आठवलं, येणारं कुणी नाही.

"वहिनी, इंजिन एक नंबर हाय की! रडताय कशाला?" भावजी ओरडले.

माझी लेक सुजाता गाडीवर बसली. तिला कागलला नोकरी लागलीय, उद्यापासून हायवेनं जाणार. शिकली मात्र मैत्रिणीच्या नव्या गाडीवर.

गल्लीच्या तोंडाला गवळ्याची म्हैस आडवी आली. सुजातानं उजवा पाय दाबला. नव्या गाड्यांना तिथं ब्रेक असतो, हिला गेअर. गाडी थांबेना.

"डावा पाय, सुजा! डावा!" मी किंचाळले.

म्हशीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

"पोरी, गाभण म्हस हाय, जरा बघून की!" गवळी खेकसला.

सुजाता पांढरीफटक. "आई, तुला कसं ठाऊक?"

"बारा वर्षं त्यांच्या मागं बसलेय."

उद्या हायवेवर ओरडायला कोण? म्हणून कागलपर्यंत मी मागं बसून जाणार, परत एसटीनं येईन. हसायचं त्यांनी हसा. पण गाडी चालवणाऱ्यांनो, पायाची सवय मोडायला किती दिवस लागतात? खरं सांगा. माझी आधणाची नऊ वर्षांत मोडली नाही.