डिफेन्सचे सलीम सर निघाले

मैत्रिणींनो, आज मन थकून गेलंय.

आमच्या शेलूबाजारच्या फुटबॉल संघाला डिफेन्स शिकवणारे सलीम सर आज गाव सोडून गेले. सकाळी आमच्या किराणा दुकानात त्यावरूनच वाद पेटला होता.

"फायनलले एवढे गोल खाल्ले, ते कोनामुळे?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"आधी पोट्टे नुसते बॉलमागं पयत होते बे! जागा धरून खेळाले त्यायनंच शिकवलं," संघातला रघू ओरडला.

तेवढ्यात सर निरोप घ्यायला आले. सगळे गप्प झाले. रघूसुद्धा.

शेवटी मीच म्हटलं, "सर, थांबा ना."

सर हसले. "ताई, असं म्हणणाऱ्या तुमी पहिल्याच. आता सामान जीपमध्ये चढलं."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलीला जाणाऱ्यासमोर एक तरी वाक्य बोलावंच लागे. आज ते फार आठवलं.

माणसाची बाजू आपण त्याच्या पाठीमागेच का घेतो गं?