काळ्या बोटांची कार्डं

खारू माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. आख्ख्या यार्डात क्रेन चालवणारी एकटी बाई! आणि तिला उंचावर चढायला शिकवलं कुणी? मी. लहानपणी पाण्याच्या टाकीवर मीच चढवली. उतरवायला बापाला यावं लागलं, ते सोडा.

माझं टायरचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर असं, की लोक विचारतात, छापून आणलं का?

यार्ड नव्या कंपनीनं घेतलं. खाली हुक लावणारी माणसंही त्यांचीच आली, त्यांच्या भाषेची. वॉकीटॉकीवर सगळं त्याच भाषेत. पहिल्याच महिन्यात शेजारच्या क्रेनवाल्याला खालून त्यांच्या भाषेत ‘थांब’ सांगितलं आणि त्यानं माल खाली सोडला. खालच्या माणसाचा पाय गेला. मग नोटीस लागली. मंगळवारी क्रेनवर त्या भाषेतले हुकूम ऐकून माल हलवायची परीक्षा, नापास होईल तो क्रेनवरून कायमचा खाली.

“दादा, केबिनमधून माणसं अंगठ्याएवढी दिसतात रे,” खारू म्हणायची. “एक शब्द चुकला की...”

रोज संध्याकाळी माझ्या दुकानात टायरवर बसून ती मोबाईलमधल्या चॅटबॉटशी त्या भाषेत बोलायची. मोडकंतोडकं बोलली तरी त्याला कळायचं, वर शाबासकी.

“तू मला कधी दिलीस का रे एवढी शाबासकी?”

“डोक्यावर बसली असतीस.”

शिवाय तिनं ट्यूबची खोकी कापून साठ कार्डं केली होती. पुढं त्यांचा शब्द, मागं आपला. मी पंक्चर काढता काढता एकेक धरायचो, ती धडाधड अर्थ सांगायची. साठच्या साठ! मी गिऱ्हाइकांना अडवायचो. “काका, आधी हिचं ऐका, मग हवा भरतो.”

सोमवारी मला वाटलं, उद्या परीक्षा आणि कार्डं ही असली तेलकट? कोरा पुठ्ठा आणला, हात धुतले, दुपारभर बसून साठही नव्यानं लिहून काढली. लिपी वाचता येत नाही, पण नक्कल हुबेहूब.

संध्याकाळी पहिलं कार्ड धरलं. खारू गप्प. दुसरं धरलं. गप्पच.

“चेष्टा करतेस का गं?”

“जुनं दाखव.”

जुनं दाखवलं. “थांबव,” लगेच म्हणाली. त्याच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा होता, जुन्या प्रत्येक कार्डावर तो वेगळ्या जागी. तोच शब्द नव्या कार्डावर दाखवला, तर नुसती बघत राहिली. मग तिचा चेहराच उतरला.

“दादा, मी शब्द नाही रे, तुझी बोटं पाठ केली.”

मीही घाबरलो. पण मी दाखवतो होय! “मोबाईल पालथा घाल,” म्हटलं, कारण स्क्रीनवर अर्थ लिहून यायचा. चॅटबॉटला नुसते हुकूम सोडायला सांगितलं. दहातले चार आले. दुकान बंद करेपर्यंत सात.

“सात म्हणजे पास की गं!”

“आणि उरलेले तीन कुणाच्या डोक्यावर पडतील?”

मी शटर खाली ओढलं.

मंगळवारी सकाळी दुकान न उघडता यार्डाच्या फाटकाशी, खारूच्या क्रेनसमोरच जाऊन उभा राहिलो. खारूनं लोखंडी पाइपांची मोळी उचलली, वळवली आणि मोळी मधेच थांबली. खाली एक माणूस. जवळच उभा असलेला नवा साहेब वॉकीटॉकीत ओरडला. मोळी तशीच लटकलेली. वॉकीटॉकीतून खारूचा आवाज आला, एकच वाक्य. साहेब आणखी ओरडला. पुन्हा तेच वाक्य. गेलं काम, म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच! तेव्हा साहेबानं दम घेतला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मोळी हलली, त्या माणसावरून बाजूला सरकली आणि हळूच जमिनीला टेकली.

खारू खाली आली, शेवटच्या पायरीवरच बसली.

“काय बोलत होतीस गं?” मी गजांतून विचारलं.

“कळलं नाही, पुन्हा सांगा.”

साहेब आला. केबिनची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि पुढच्या क्रेनवाल्याला हाक मारली. खारू परत वर चढली. आणि मला मात्र फाटकाचा गज सोडवेना.