आपलेच की!

तोंडाला कुलूप लावायला हवं होतं मी. इतक्या वर्षांनीही स्वतःचाच राग येतो.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आमचे हे बर्मिंगहॅमला वायरलेस सेट बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तीन वर्षं खपून त्यांनी एका नव्या लष्करी सेटची ड्रॉइंग्ज केली होती. जीव होता त्यांचा त्यात. गिऱ्हाईक होतं युरोपच्या उत्तरेकडचा एक देश. स्वतःला तटस्थ म्हणवणारा, पण आपले सेट पाश्चात्त्य लष्करी गटाच्या सेटशी जुळावेत म्हणून धडपडणारा. "लग्न नको, पण येणं-जाणं हवं," हे हसून म्हणायचे.

त्या देशाचे एक अधिकारी आले तेव्हा ह्यांच्या साहेबांनी चहाला आम्हा बायकांनाही बोलावलं. मी चिवडा घेऊन गेले. आता आपली खोड ठाऊक आहे ना? अनोळखी माणूस भेटला की कुठून तरी नातं काढायचंच! मी म्हटलं, "तुमचा देश न्यूट्रल, आमचाही न्यूट्रल. आमच्या ह्यांचा पासपोर्ट अजून इंडियनच आहे. म्हणजे आपलेच की!" शेवटचं मराठीतच निघालं. अधिकारी खुलले. साहेब मात्र चहा ढवळायचे थांबले.

इतक्या वर्षांत ह्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, असं साहेब धरून चालले होते. लष्करी कामाच्या खोलीत परक्या देशाचा माणूस चालत नाही, नियमच तसा. सोमवारी ह्यांना घरगुती रेडिओच्या सेक्शनला हलवलं. नवा पासपोर्ट यायला कित्येक महिने, आणि सेट तर ख्रिसमसआधी द्यायचा होता. साहेब वाईट नव्हते हो. तेही काय करणार?

पुढे त्या ड्रॉइंग्जमध्ये काहीतरी अडलं. तो अधिकारी पुन्हा आला आणि गिऱ्हाईक म्हणून पास लावून आत गेला. ह्यांना बाहेर खुर्ची दिली. कुणीतरी दारात येऊन प्रश्न विचारायचं आणि हे डोळे मिटून, आठवून उत्तर द्यायचे. स्वतःचाच कागद बघायची परवानगी नव्हती त्यांना.

घरी येऊन हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी चिडून विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? भला माणूस आहे गं तो. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, 'आप्लेच्की.' त्याला वाटलं, आपल्यात निरोप घेताना असं म्हणतात."

मला रडूच फुटलं.