कोरा पंप

मेहकरच्या बसस्टँडमागं फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांचं नाव विचारायचं राहिलंच. त्यांचे हात मात्र मी अजूनही ओळखेन.

बीटी कपाशीवर अळी येत नाही असं ऐकून साऱ्या गावानं तेच बियाणं लावलं होतं. तरी चाचांकडे पंपांची रांग होती. माझा नंबर आला, तर चाचा कढीपत्त्याच्या कुंडीतल्या आपल्या पाळीव सरड्यावर एका कोऱ्या पंपानं पाणी फवारत बसलेले. त्याच्या पायाला जुनी कात चिकटली होती. मी मदत म्हणून ती ओढायला गेलो, तशी चाचांनी हातावर चापट मारली.

"ओढू नको बे! बोट तुटन त्याचं. भिजली का सोताच निघते."

"माहा पंप राहू द्या, तुमच्या हातातला हाच द्या मले."

"हा नाही भेटत. याच्यात जहर कधी गेलंच नाही."

तेवढ्यात मला त्यांची बोटं दिसली. लोकांच्या पंपांतल्या औषधानं पार सोलून निघालेली.

"चाचा, तुमचीबी कात निघून राह्यली न."

"हाव. पन मले कोन फवारते?"

मी तो पंप उचलला. चाचांनी दोन्ही हात पुढे केले, सरड्यासारखे डोळे मिटले, अन् म्हणाले, "नोझल बारीक ठेव."